प्रकरणाची हद्द

बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (एसजीएनपी) बिबटे किती, हा प्रश्न वार्ताहर विचारतात, नगरसेवक विचारतात, रविवारी सहलीला आलेली शाळकरी पोरंही विचारतात. त्याला उत्तर आहे. निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत ३५ बिबटे निघाले. एका बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजलं जायची भीती नसते. २०१८ च्या मोजणीत आकडा ४७ वर गेला.

आता दुसरा प्रश्न घ्या. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. २००४ च्या जूनमध्ये तर बातमीमागून बातमी येत होती. पुढच्या वर्षांत ते ओसरले. थांबले असं म्हणता येत नाही, कारण आरे वसाहतीत २०२१ आणि २०२२ मध्येही हल्ले झाले. पण ओसरले, आणि तेही मोजणीतला आकडा चढता असताना. हे कसं झालं? सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्याला टेकून उभ्या इमारती, झोपड्या, पाडे, आणि तरी बहुतेक रात्री काहीच घडत नाही, हे कसं? सत्तेचाळीसमधून पस्तीस कितीही वेळा वजा केलेत तरी याचं उत्तर निघत नाही. हे पुस्तक या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांसाठी आहे.

‘गुणात्मक केस स्टडी’ असं शीर्षक मिरवणारे प्रकल्प दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र-प्रकल्प आणि संशोधन-पद्धती हे विषय सगळ्यांच्याच मागे लागल्यामुळे त्यांची चळत आणखी उंच झाली आहे. बहुतेकांचा साचा ठरलेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवायचा, पन्नासेक उत्तरं गोळा करायची, वर्तुळाचे रंगीत तुकडे पाडायचे आणि खाली लिहायचं की ६२ टक्के लोक समाधानी आहेत. म्हणजे पन्नासातले एकतीस. बाकीचे एकोणीस का नाराज आहेत, ते कोण आहेत, एकाच मजल्यावर राहतात की काय, याबद्दल अवाक्षर नसतं. यात केस कुठली, असं तोंडी परीक्षेत विचारलं की विद्यार्थी मार्गदर्शकांकडे बघतो आणि मार्गदर्शक पंख्याकडे.

दोष पोरांचा नाही. नमुना जेवढा मोठा तेवढं संशोधन पक्कं, आणि एका गावाचा, एका सोसायटीचा, एका शाळेचा अभ्यास म्हणजे वेळ आणि पैसा नसलेल्यांची तडजोड, असं त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं. डेन्मार्कचे अभ्यासक बेन्ट फ्लूब्येर्ग यांनी २००६ मध्ये एका लेखात प्रकरण-अभ्यासाविषयीच्या, म्हणजे केस स्टडीविषयीच्या, पाच गैरसमजुतींचा समाचार घेतला. एका प्रकरणावरून सर्वसाधारण काही म्हणताच येत नाही, ही त्यांतलीच एक. लेख जगभर वाचला गेला. आपल्या महाविद्यालयांच्या पुस्तकांत मात्र पाचही समजुती अजून सुखेनैव नांदतात.

मला या पुस्तकात मुख्यतः एक गोष्ट ठासून सांगायची आहे. प्रकरण-अभ्यासात सगळ्यात अवघड काम हद्द आखण्याचं असतं. मुलाखती जमतात, टिपणं काढता येतात, कोडिंग, म्हणजे मजकुराला विषयांच्या खुणा लावणं, आठवड्याभरात शिकता येतं. पण आपलं प्रकरण कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कोण त्यात आहे आणि कोण नाही, ही रेषा चुकली तर शंभर मुलाखतीही फुकट जातात. रॉबर्ट यिन यांच्या १९८४ च्या पुस्तकानं ही पद्धत पाठ्यक्रमांत रुजवली. त्यांचं म्हणणं असं, की एखादी घटना आणि तिचा भोवताल यांच्यामधली रेषा जिथे धड दिसत नाही तिथेच या पद्धतीचं खरं काम. चार्ल्स रेगिन आणि हॉवर्ड बेकर यांनी तर १९९२ मध्ये, प्रकरण म्हणजे नेमकं काय, एवढ्या एका प्रश्नावर अख्खा लेखसंग्रह काढला. बेकर यांचा हट्ट असा, की आपलं प्रकरण कशाचं आहे हे संशोधकाला लिखाण संपत आल्यावरच कळतं. हे ऐकून आराखडा-समितीतल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण त्यांना सगळं पहिल्याच महिन्यात लेखी हवं असतं.

पुस्तकी बोलणं इथेच थांबवून पुन्हा उद्यानाकडे येतो, कारण हद्द बदलली की प्रकरण कसं पालटतं याचं इतकं चांगलं उदाहरण बोरीवलीकरांना दूर शोधायला नको.

बराच काळ या प्रकरणाची हद्द म्हणजे उद्यानाचं कुंपण होतं. जनावरानं आत राहायचं, माणसानं बाहेर. जनावर बाहेर आलं की ते भरकटलं, मग पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. ही हद्द एकदा मान्य केली की संशोधनाचे प्रश्नही तिच्याच मापाचे निघतात: आत भक्ष्य पुरेसं आहे का, भिंत किती उंच हवी, पिंजरे किती. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पुढाकारानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, संशोधक, विद्यार्थी, निवृत्त नागरिक असे सगळे त्यात आले. माझ्या दृष्टीनं त्यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी प्रकरणाची हद्द कुंपणापलीकडे नेली. सोसायटीच्या मागे साचणारा कचरा प्रकरणात आला. त्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री आली, कारण बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा मोठा. घरात संडास नसल्यामुळे अंधारात बाहेर जावं लागणारी माणसं आली. बिबट्या दिसला की जमणारी गर्दी आणि ती आवरणारे पोलीस आले. मथळे देणारे पत्रकारही आले. त्यांच्यासाठी कार्यशाळा झाल्या. जनावर तेच, जंगल तेच. पण ‘बिबट्याचा उपद्रव’ म्हणून जे प्रकरण फायलीत पडलं होतं, ते आता महानगर आणि त्याच्या शेजारधर्माचं प्रकरण झालं.

हद्द रुंदावली नसती तर काय दिसलं नसतं, हे जुन्नरच्या अभ्यासात अधिक ठसठशीत दिसतं. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांतून बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा २००१ ते २००३ या काळात लागला. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले. उपाय म्हणून जे चाललं होतं तेच दुखण्याच्या मुळाशी निघालं. पकडलेलं जनावर परक्या मुलखात बिथरतं, ज्या जागेची त्याला सवय होती ती सुटते, आणि रिकाम्या जागी नवं जनावर येतं. हे आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ते नसते तर कुणी विश्वास ठेवला नसता, हे खरंच. पण आकड्यांनी प्रश्न टोकदार केला. आपली हद्द आणि पिंजऱ्याची हद्द एकच असून चालणार नाही, हे ओळखणारा माणूस मात्र आधी शेतात जाऊन बसलेला असावा लागतो. सुनेत्रो घोषाल यांनी अकोले आणि मुंबई अशी दोन ठिकाणं घेऊन माणूस आणि बिबट्या यांच्यातल्या नात्याचा समाजशास्त्रीय बाजूनं माग काढला, तो याच वाटेवरचा.

याच मुलखातला आणखी एक अभ्यास मी वर्गात आवर्जून सांगतो. रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८-१९ मध्ये मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वारल्यांच्या वाघोबा या देवाचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशेहून अधिक देवस्थानांची त्यांनी नोंद केली. शेंदूर लावलेली लाकडी फळी, दगड, कुठे नुसती झाडाखालची जागा. वाघबारशीला तिथे नवस फेडतात, कोंबडं देतात. संशोधक पूजेला हजर राहिले, प्रश्नांची कच्ची यादी हाताशी ठेवून मोकळ्या मुलाखती घेतल्या, कथा ऐकल्या. त्यातून जे निघालं ते ‘आदिवासी निसर्गावर प्रेम करतात’ असलं गुळमुळीत विधान नव्हतं. वाघोबा राखण करतो, पण त्याचं देणं चुकवलं तर तो वसूल करतो, असा तो व्यवहार आहे. शेळी गेली की दुःख होतंच, रागही येतो, वनखात्याकडे भरपाईसाठी खेटे घालावे लागतातच. तरी त्या नुकसानीला अर्थ देणारी एक चौकट गावापाशी आहे आणि सोबत राहणं तिच्या आधारानं जमतं. हे कुठल्या प्रश्नावलीत सापडलं असतं? ‘आपण वाघोबावर किती विश्वास ठेवता: खूप, मध्यम, अजिबात नाही’?

प्रश्न कसा विचारायचा, यावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. इथे फक्त चुणूक देतो. उद्यानातल्या नवापाड्यासारख्या ठिकाणी गेलात आणि ‘बिबट्याची भीती वाटते का?’ असं विचारलंत, तर दोनच उत्तरं संभवतात. एक: ‘वाटते की.’ दुसरं: ‘नाय, सवय झाली.’ दोन्ही खरी आणि दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी, काल दिवेलागणीनंतर घराबाहेर कोण पडलं होतं, असं विचारून पाहा. मग बोलणं सुरू होतं. मुलगी क्लासवरून यायची होती, तिला आणायला काका फाटकापर्यंत गेले होते. हातात बॅटरी होती, मोबाइलवर गाणं मोठ्यानं लावलं होतं, येताना ते नाल्याच्या कडेची वाट सोडून रस्त्यानं आले. का? तिकडे कुत्री भुंकत होती म्हणून. कुत्री भुंकायची थांबली असती तर? तर आणखी घाबरलो असतो. एवढ्या पाच वाक्यांत तुम्हाला भीती, सवय, उपाय आणि ज्ञान चारही मिळालं, आणि त्यातला एकही शब्द तुम्ही त्यांच्या तोंडी घातलेला नाही.

यातही एक मेख आहे. ‘वाघ आला होता’ असं सांगणारा माणूस बिबट्याबद्दल बोलत असतो, आणि ‘आम्ही इथलेच, बापजाद्यांपासूनचे’ असं सांगणारा माणूस कदाचित तुमच्याशी बोलतच नसतो. तो तुमच्या वहीशी बोलत असतो. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांना चांदिवलीची घरं, बाकीच्यांना काही नाही. पात्रता कागदावर ठरली: कुठल्या सालच्या मतदारयादीत नाव आहे, पावती आहे का. तेव्हापासून वही-पेन घेऊन येणारा कुणीही तिथे ‘सर्वेवाला’ असतो. तुम्ही महाविद्यालयाचं ओळखपत्र दाखवा नाहीतर गळ्यात घाला, फरक पडत नाही. अशा ठिकाणी ‘किती वर्षं राहता?’ हा पहिला प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्या दिवसाचं काम तिथेच संपवतो. आणि त्याला मिळालेलं उत्तर वास्तव्याची माहिती म्हणून नव्हे, तर न्यायालयाच्या आदेशाचा माणसांच्या बोलण्यावर काय परिणाम होतो याचा पुरावा म्हणून वाचावं लागतं. तोही पुरावा मोलाचा आहे, फक्त तो वेगळ्या खणात ठेवायचा.

म्हणून टिपणवहीचं डावं पान आणि उजवं पान वेगळं ठेवा. डावीकडे जे दिसलं, ऐकलं ते: नवरा उत्तर देत असताना बायको काय करत होती, कोण मध्येच उठून गेलं, कुणी हसून विषय बदलला. उजवीकडे तुमचे तर्क. दोन्हींची सरमिसळ झाली की महिन्यानं तुम्हालाच कळत नाही की ‘घाबरलेली वाटली’ हे तुम्ही पाहिलं होतं की ठरवलं होतं. टिपणं त्याच रात्री लिहायची. बोरीवली ते विरार गाडीत उभ्यानं मोबाइलवर लिहिलीत तरी चालेल, पण त्याच रात्री. आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको. दहा-पंधरा मुलाखतींचं कोडिंग रंगीत पेन्सिलींनी उत्तम होतं, शिवाय त्या निमित्तानं मुलाखती पुन्हा वाचल्या जातात, हा फायदा वेगळाच.

ऐकलेलं तपासायचं कसं, यासाठी आता उद्यान सोडून स्टेशनात चला.

सकाळी गर्दीचा पहिला भर ओसरला की बोरीवलीच्या फलाटावर डबेवाले जमतात. पांढरी टोपी, लांबट पाटीत उभे लावलेले डबे, प्रत्येक झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे. डबा कुठल्या उपनगरातून निघाला, कुठल्या स्टेशनावर उतरायचा, तिथे कुणाच्या हाती जायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या तळहाताएवढ्या जागेत. हे काम १८९० पासून चालत आलं आहे. त्याबद्दल तुम्ही एक गोष्ट नक्की ऐकली असेल: ‘फोर्ब्स’ मासिकानं डबेवाल्यांना सिक्स सिग्मा, म्हणजे जवळपास बिनचूक कामाचं, प्रमाणपत्र दिलं. व्यवस्थापनाच्या निम्म्या व्याख्यानांची सुरुवात याच वाक्यानं होते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतलं ते पहिलं ठळक विधान असतं.

असं प्रमाणपत्र कधी दिलंच गेलं नाही. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’च्या सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला. त्यांनी नंतर स्वतःच खुलासा केला, की सिक्स सिग्मा हा शब्द आपण लेखात वापरलेलाच नव्हता. झालं होतं एवढंच: संघटनेच्या अध्यक्षांना त्यांनी विचारलं, चूक किती वेळा होते? उत्तर आलं, जवळपास नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. रोजचे पावणेदोन लाख डबे धरून चक्रवर्तींनी गणित केलं: ८० लाख फेऱ्यांत एक चूक, आणि डबा परतही जातो म्हणून दुप्पट धरल्या तर १ कोटी ६० लाखांत एक. पुढे २००२ मध्ये एका परिषदेत कुणी वार्ताहरानं अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? ते काय असतं हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, मग आहोत की, ‘फोर्ब्स’ला विचारा. दुसऱ्या दिवसापासून प्रमाणपत्र जन्माला आलं आणि एका बातमीतून दुसऱ्या बातमीत, तिथून पाठ्यपुस्तकात गेलं.

यात कुणी खोटं बोललं नाही, हे लक्षात घ्या. अध्यक्षांनी अंदाज सांगितला, पत्रकारानं त्याचा भागाकार केला, दुसऱ्या पत्रकारानं नाव दिलं. एका माणसाच्या अंदाजाला दशांश चिन्ह लागलं की तो मोजमाप वाटायला लागतो. प्रकरण-अभ्यासात एकाच गोष्टीसाठी निदान तीन वेगळ्या जातीचे पुरावे मागतात, ते याचसाठी. सांगितलेलं, पाहिलेलं आणि लिहून ठेवलेलं. डबेवाल्याला विचारा, त्याच्याबरोबर दिवसभर फिरा, आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विचारा की गेल्या वर्षात डबा कधी चुकला का, चुकला तेव्हा काय झालं. तिन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर आणखी उत्तम, कारण संशोधन तिथूनच सुरू होतं.

आणि मुळात चुका किती, यापेक्षा चूक सावरते कशी, हा प्रश्न कितीतरी पिकाळ आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस लिहिली. तिच्यातला मला आवडणारा तपशील लोकल गाडीचा आहे. मोठ्या स्टेशनांवर पाट्या चढवायला सुमारे ४० सेकंद, मधल्यांवर २०. गाडी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे शिस्त लावायला साहेब लागत नाही, वेळापत्रकच मुकादमाचं निम्मं काम करतं. उरलेलं निम्मं माणसं करतात: छोट्या टोळ्या, प्रत्येकीचा हिशेब वेगळा, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन उचलायला जादा हात तयार, आणि बहुतेक सगळे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले, म्हणजे एकमेकांच्या गावाची, घराची खबर असलेले. इटलीच्या सारा रोन्काल्या यांनी याच डबेवाल्यांकडे मानवशास्त्राच्या अंगानं पाहिलं. त्यांचं पुस्तक २०१३ मध्ये इंग्रजीत आलं. तिथे घरचं अन्न, जात, शुचिता, शहरातलं स्थलांतर हे विषय पुढे येतात. एकच डबा, दोन अभ्यास, दोन हद्दी. थॉम्के यांचं प्रकरण डबा घरातून निघतो तिथे सुरू होतं. रोन्काल्या यांचं त्याच्या बरंच आधी, स्वयंपाकघरात.

एका प्रकरणावरून पुढे काय सांगता येतं, हा आक्षेप आता घेऊन टाकतो. यिन यांनी त्याचं उत्तर दिलेलं आहे: प्रकरणावरून लोकसंख्येबद्दल अनुमान काढायचं नसतं, सिद्धांताबद्दल काढायचं असतं. ग्रॅहम ॲलिसन यांनी १९७१ मध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्र-पेचाच्या तेरा दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि तेच तेरा दिवस तीन वेगवेगळ्या चौकटींतून वाचून दाखवले. सरकारं निर्णय कसे घेतात याबद्दलचा विचार त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही. पेच मात्र एकच होता. तसंच जुन्नरवरून महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सतराच हल्ले होतील असं म्हणता येणार नाही, पण पकडून दुसरीकडे सोडलं की त्रास संपतो, या समजुतीचा पाया तिथे हलला तो कायमचा.

मराठी मुलखाला ही पद्धत उपरी नाही, हेही सांगायला हवं. १८१९-२० च्या सुमारास, पेशवाई बुडून वर्षं-दोन वर्षं झाली होती तेव्हा, टॉमस कोट्स नावाच्या कंपनीच्या डॉक्टरनं पुण्याजवळच्या लोणी गावाचा अभ्यास केला: घरं, बलुतेदार, कर्जं, जेवण, कपडे. तो १८२३ मध्ये छापला गेला. पुढे मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच गावी, म्हणजे लोणीकंदला परत गेले आणि १९६० मध्ये सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदवर पुस्तक काढलं. कोट्सनं तेव्हा दहा जिल्ह्यांची सरासरी काढून ठेवली असती तर घुर्यांना परत जायला गावच उरलं नसतं. १९१७ मध्ये हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरची शेती आणि कर्जं घराघरांत जाऊन मांडली. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत, आणि त्या मातीवर एकेकाळी किती तुकड्यांची शेती होती हे जाणून घ्यायला तोच अहवाल उघडावा लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. आत्रे काही संशोधन-पद्धतीचा पेपर देऊन उत्तीर्ण झाले नव्हते, महसूल खात्यात नोकरी करताना त्यांनी गाव आतून पाहिलं. त्यांचे काही निष्कर्ष, विशेषतः भटक्या जातींबद्दलचे, आज वाचवत नाहीत. पण ते कुठे उभे राहून पाहत होते हे पानोपानी उघड आहे, आणि म्हणून त्यांना वजा करून वाचता येतं. आपली जागा लपवून निःपक्षपातीपणाचा आव आणणाऱ्या अहवालांपेक्षा हे बरं.

आपल्याकडचं वृत्तांत-लेखन इतकं कसदार आहे, की विद्यार्थी अनेकदा विचारतात: अनिल अवचट जे करत होते तेच ना हे? बरंचसं तेच. जाणं, थांबणं, ऐकणं. फरक एवढाच, की संशोधकानं आपल्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा माणूस मुद्दाम शोधून काढायचा असतो, आणि दुसऱ्या कुणाला मागचा सगळा माग काढता येईल अशी कागदपत्रं ठेवायची असतात. लेखक तेवढा बांधलेला नसतो.

नावं बदलण्याबद्दल थोडं. प्रबंधात ‘पाडा क्रमांक १’ लिहिलं आणि पुढे तळ्याचं, शाळेचं, बसथांब्याचं वर्णन केलं, तर उद्यानातला प्रत्येक वनरक्षक तो पाडा ओळखतो. आणि ‘पाड्यातली एकमेव अंगणवाडी सेविका’ असं लिहिलं तर नाव बदलून काय उपयोग? लहान प्रकरणात माणसं लपत नाहीत. म्हणून संमती घेताना ही गोष्ट स्पष्ट सांगायची: नाव नसेल, पण ओळखीचे लोक ओळखतील. मग त्यांना ठरवू द्यायचं. ज्यांचं घर कायद्याच्या टांगणीला आहे त्यांच्या बाबतीत तर मी विद्यार्थ्यांना काही तपशील वहीतही लिहू देत नाही.

सध्या माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ठाणे-बोरीवली बोगद्यावर काम करायचं आहे. मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनी वाडीपर्यंत ११.८ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बराचसा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. विषय उत्तम आहे आणि डोळ्यांसमोर घडतो आहे. पण हद्द? मागाठाण्याच्या बाजूला घर सोडावं लागणारे यात येतात, हे उघड. घोडबंदर रोडवर रोज दोन तास अडकणारा ठाण्याचा नोकरदार येतो का? बोगद्याच्या वर राहणारा आणि ज्याला आवाजही ऐकू येणार नाही तो पाडा? माती वाहून नेणारे ट्रकचालक? कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ? वनखात्यातला परवानग्यांची फाइल सांभाळणारा कारकून? सगळ्यांना घेतलंत तर सात वर्षं लागतील, आणि एकाला सोडलंत तर त्याला का सोडलं हे लिहावं लागेल. मी त्यांना इतकंच सांगतो, की आधी त्या कारकुनाला भेटा. एवढ्या मोठ्या कामाच्या फाइलवर कुणाकुणाचे शेरे आहेत, कुठली हरकत कुठल्या तारखेला आली आणि ती कुणी निकाली काढली, हे त्याला पाठ असतं, आणि आजवर त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.